सड्यावरची खाण आणि आमची जनसुनावणी

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, २० ऑक्टोबर २०२१ ला सकाळी चुलतभावाने व्हॉट्सॲपवर वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्याचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: 'ह्यात आपल्या गावाचं नाव हाय बघ.' बारीक टाइपातली जाहिरात होती, 'पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी', म्हणजे खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी गावाचं म्हणणं ऐकून घेण्याची सभा. बॉक्साइटची (ॲल्युमिनियमच्या कच्च्या खनिजाची) खाण, आमचा सडा, तारीख २५ नोव्हेंबर, वेळ सकाळी ११.

त्या जाहिरातीपासून शेवटच्या कागदापर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली. मी कोल्हापुरात एका सीएच्या ऑफिसात काम करते, म्हणजे कागदांची भीती नाही. तरी पहिले आठ दिवस काय करायचं तेच कळत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या गावाचं नाव असं कोपऱ्यात छापून आलं तर त्याचे आठ दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय. गावाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. गावात आम्हाला अजून एकमेकांच्या दारात जायचं आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं, घाटमाथ्याजवळचं गाव, एवढं पुरे.

सडा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात चप्पल वितळेल असा तापतो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की महिनाभरात त्याच कातळावर दीपकाडी, मग गेंद, सीतेची आसवं, पुढे सोनकी आणि तेरडा. जांभा सच्छिद्र असतो, तो पाऊस पिऊन ठेवतो आणि खालचा थर पाणी जिरू देत नाही तिथे ते डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. आमच्या वाडीचं नळाचं पाणी अशाच एका झऱ्यावरून येतं. मोटार नाही, वीजबिल नाही. वरून पाइप टाकून खाली आणलेलं. त्याला गावात 'सायफनचं पाणी' म्हणतात. बॉक्साइट असतं ते याच जांभ्याच्या थरात. सड्याचा काही भाग मालकीचा, काही राखीव वनाचा, आणि झरा नेमका वनाच्या भागाखाली.

जाहिरात आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते चुकीचं. मी लगेच माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, मागणी अशी की खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा कंपनीच्या सल्लागारांनी केलेला पूर्ण अहवाल आणि वनखात्याच्या कक्षाचा नकाशा द्यावा. उत्तर आलं चौतिसाव्या दिवशी, सुनावणीच्या दोन दिवस आधी: 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.' हिशेब साधा होता, मीच केला नव्हता. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि माहिती अधिकाराच्या उत्तरालाही ३० दिवसांचीच मुदत आहे. म्हणजे तो अर्ज सुनावणीच्या आत कामाला येईल हा निव्वळ नशिबाचा भाग.

आणि त्याची गरजही नव्हती. अहवालाचा मसुदा लोकांना बघायला ठेवावाच लागतो: जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत, प्रदूषण नियंत्रण मंडळ. कार्यालयीन वेळेत कुणीही जाऊन वाचू शकतो, अर्ज लागत नाही, आपण कोण हेही सांगावं लागत नाही. मंडळाच्या वेबसाइटवर जनसुनावण्यांचं वेगळं पान असतं, त्यावर मराठी सारांश मिळतो. हे मला सातव्या दिवशी कळलं.

एका कार्यालयात सांगितलं, साहेब दिवाळीच्या रजेवर आहेत आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. दुसऱ्या ठिकाणी 'असं काही आलेलं नाही' म्हणाले आणि माझ्यासमोरच आवक नोंदवहीत नोंद सापडली. तिसऱ्या ठिकाणी मात्र एका बाईंनी टेबल मोकळं करून दिलं, पंखा लावला आणि 'मोबाइलने फोटो काढा, पाठमोऱ्या पानांसकट काढा, नकाशे मागे असतात' असं सांगितलं. त्या बाईंचे उपकार मोठे आहेत, कारण खाणीच्या हद्दीचा नकाशा खरोखरच मागे, घडी घालून, पाकिटात होता. ४१२ पानांतली मला लागणारी ९६ पानं नंतर दोन रुपयांप्रमाणे छापून घेतली, १९२ रुपये.

मग वाचन. मुख्य अहवाल इंग्रजीत, मराठी सारांश १८ पानांचा. सारांशात 'फरारी धूळ' असा शब्द चार वेळा आला. रात्री अकरा वाजता मी आणि नवरा त्या फरारी धुळीवर पोट धरून हसलो. मूळ इंग्रजी 'फ्युजिटिव्ह डस्ट', म्हणजे डंपर आणि ढिगाऱ्यांवरून उडणारी धूळ. हसून झाल्यावर मात्र लक्षात आलं की आमच्या आप्पांनी हे वाचलं असतं तर त्यांना काय समजलं असतं? काहीच नाही. त्या १८ पानांवरच गावाने मत द्यायचं होतं.

एवढा जाडजूड अहवाल बघून घाबरू नका. निम्मा भाग कुठल्याही खाणीच्या अहवालात सारखाच असतो. मी तीनच गोष्टी शोधल्या: निरीक्षणं कधी घेतली, पाण्याबद्दल काय लिहिलंय आणि झाडं-जनावरांच्या याद्या.

निरीक्षणांचा काळ होता मार्च ते मे २०२१. यात बेकायदा काही नाही. खाणींच्या अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची निरीक्षणं चालतात असं सरकारी कार्यकक्षेतच, म्हणजे अहवालात काय असावं हे ठरवून देणाऱ्या कागदातच, लिहिलेलं आहे. पण आमचा सडा जगतोच मुळी पावसाळ्यात. मार्च-मेमध्ये त्यावर जाऊन 'वनस्पती विरळ' असं लिहिणं म्हणजे रात्री दोन वाजता शाळेत जाऊन पट मोजण्यासारखं. शिवाय अहवालात सड्याचा एक मोठा रंगीत फोटो होता, काळाठिक्कर, खाली 'ओसाड जमीन'. फोटो बघून काकी म्हणाल्या, "अगं, ह्यो तर वणव्यानंतरचा." खरं होतं. दर फाल्गुनात सड्यावर वणवा लागतो. लागतो म्हणजे बहुतेक वेळा लावला जातो, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने, आणि लावणारे आमच्यातलेच असतात. वणव्याची ती राख अशी आमच्याच विरुद्ध कागदावर येईल असं कुणाला वाटलं होतं! हरकतीत मी हे लपवलं नाही. 'सदर छायाचित्र वणव्यानंतरचे असून त्याच जागेचे ऑगस्ट महिन्यातील छायाचित्र सोबत जोडले आहे,' असं लिहून चुलतभावाच्या मोबाइलमधला जुना सेल्फी जोडला. सेल्फीत तो कमी आणि फुलं जास्त होती, हे बरं झालं.

आणखी एक. वाहनांची मोजणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात केलेली. एप्रिल २०२१! कोरोनामुळे 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध १४ एप्रिलपासून लागू होते. त्या आठवड्यात आमच्या घाटरस्त्यावर वाहनं मोजण्यापेक्षा गवे मोजले असते तर आकडा जास्त आला असता. 'सध्याची वाहतूक अत्यल्प, त्यामुळे डंपरची भर सहज सामावेल,' हा निष्कर्ष त्या मोजणीवर बेतलेला.

गव्यांवरून आठवलं. प्राण्यांच्या यादीत ससा, मुंगूस, कोल्हा, वानर. गवा नाही. आणि झाडांच्या यादीत साल! आमच्या सह्याद्रीत साल कुठून आला? कुठल्या तरी पूर्वेकडच्या खाणीच्या अहवालातून चालत आला असणार. रत्नागिरीकडच्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचे उतारे सापडल्याचं प्रकरण मागे बरंच गाजलं होतं, त्या मानाने आमचा साल जवळचाच. पण हे गमतीवारी नेऊ नका. अधिसूचनेत असं कलम आहे की महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवली किंवा खोटी, दिशाभूल करणारी दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते. चूक सापडली की पान क्रमांक, तक्ता क्रमांक लिहून ठेवा.

गवा आहे हे सिद्ध कसं करायचं? आम्ही फोटोंच्या मागे लागलो होतो. आप्पांनी एका वाक्यात सोडवलं: "नुकसानभरपाईचं कागद काढा की." गव्यांनी भात तुडवलं, ऊस खाल्ला की वनरक्षक येऊन पंचनामा करतो. तारीख, गट नंबर, 'गवा या वन्यप्राण्याकडून', खाली सही-शिक्का. वाडीत घरोघरी फिरून तीन वर्षांतले अकरा पंचनामे जमले, काही पत्र्याच्या पेटीत, एक देवघरात. सरकारचाच कागद, सरकारचाच शिक्का. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. असा प्राणी परिसरात आढळला तर त्याच्या संरक्षणाचा आराखडा खर्चासकट अहवालात द्यावा लागतो. एक नाव यादीत नसल्याने किती गोष्टी वाचतात, ते तेव्हा कळलं.

पाण्यासाठी बादली. अहवालात 'क्षेत्रात बारमाही झरा नाही' असं वाक्य. १४ नोव्हेंबरला सकाळी सात वाजता काकी, मी आणि चुलतभाऊ झऱ्यावर गेलो. पाइप जिथे सुरू होतो तिथे तो क्षणभर काढून त्याखाली काकींची १५ लिटरची निळी बादली लावली आणि मोबाइलवर वेळ मोजली. तीनदा. बावीस, तेवीस, बावीस सेकंद. म्हणजे दिवसाला सुमारे ५८ हजार लिटर. चुलतभावाने व्हिडिओ केला, त्यात त्या दिवशीच्या पेपरचं पान आणि पुढे बादली. काकी सारखं म्हणत होत्या, "बादली तरी घासून आणली असती गं." मग मी दर महिन्याच्या चौदा तारखेला तो आकडा वहीत लिहायला त्यांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत एकही महिना चुकवला नाही. मी चार वेळा विसरले होते, तेव्हा त्यांनीच फोन केला.

याच सुमारास एसटीचा संप पेटला. दिवाळी संपली आणि गावात येणाऱ्या दोन गाड्याही बंद. त्यात सुगीचे दिवस, भात कापून खळ्यावर. सुनावणी पुढे ढकलावी असा अर्ज आम्ही ४२ सह्यांनिशी दिला. त्याचं उत्तर आलं नाही. अशा सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. पाच माणसं आली तरी ती झाली असंच धरतात. म्हणून 'बहिष्कार टाकू' असं जे काहीजण म्हणत होते त्यांना आम्ही विनवून थांबवलं. बहिष्काराची नोंद एका ओळीत होते आणि पुढे फाइल चालू लागते.

लेखी हरकत सुनावणीच्या आधीच देता येते. मी नऊ पानांची तयार केली, मुद्दे क्रमांक टाकून, प्रत्येक मुद्द्याखाली अहवालाचं पान. दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. माझ्यामागे उभे असलेले एक आजोबा हाताने लिहिलेला कागद नुसताच देऊन निघाले होते. त्यांनाही थांबवून शेजारून झेरॉक्स काढून आणायला लावली.

२५ नोव्हेंबर. वडापच्या तीन जीपा ठरवल्या, माणशी ६० रुपये. पटांगणात मंडप, पोलीस बंदोबस्त, पुढे पडदा लावलेला आणि दुपारच्या उजेडात त्या पडद्यावर काहीएक दिसत नव्हतं. व्यासपीठावर अप्पर जिल्हाधिकारी आणि मंडळाचे अधिकारी. हजेरीच्या वहीत नाव, गाव, सही. ही सही म्हणजे संमती नव्हे, पण काही बाया घाबरून सहीच करेनात; शेवटी वहीच्या वरच्या मथळ्याचा फोटो काढून त्यांना वाचून दाखवला.

सल्लागारांनी वीस मिनिटं सादरीकरण केलं. मग बोलायला सुरुवात. पहिले सात-आठ जण समर्थनातले. रोजगार, रस्ता, दवाखाना. त्यात आमच्या भावकीतलाच एक होता, कर्ज काढून डंपर घेऊन बसलेला. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. सड्यावरच्या फुलांनी त्याचा हप्ता भरला जात नाही.

माझं नाव पुकारलं तेव्हा पाय थरथरत होते. नऊ पानं पाठ होती, पण माइक हातात आल्यावर मी तिसऱ्या मुद्द्यावरून थेट सातव्यावर गेले. "थोडक्यात बोला," असं दोनदा सांगण्यात आलं. सालाचं झाड सांगितलं तेव्हा लोक हसले आणि तेवढ्याने मला धीर आला. मग वाहनांची मोजणी, पंचनामे, बादली. भाषण नको, आकडा सांगा आणि तो लिहून घेतला जातोय का ते बघत बोला, एवढंच त्या गोंधळातून शिकले. लिहिणारे कारकून कुठे बसलेत ते आधी बघून ठेवा आणि त्यांच्याकडे तोंड करून बोला.

काकींचं नाव यादीत नव्हतं. त्या मधेच उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, माइक घेतलाच नाही.

"सायब, तुमच्या कागदात आमचा झरा न्हाई म्हणं. मग तीस वर्सं आम्ही पितोय ते काय हाय?"

साहेब गप्प. मग म्हणाले, "बाई, नाव सांगा." काकींनी नाव सांगितलं, सासरचं-माहेरचं दोन्ही.

सुनावणी चारला आटोपली. इथून पुढचा तासभर सगळ्यात महत्त्वाचा होता आणि तेव्हा मंडप निम्मा रिकामा होता. नियमाप्रमाणे दिवसाचं इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. अंधार पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून दोन जीपा निघून गेल्या होत्या. आम्ही चौदा जण थांबलो. वाचन सुरू झालं. माझे नऊ मुद्दे चार ओळींत आले. काकींचं बोलणं असं आलं: 'एका महिलेने पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.'

मी हात वर केला. आवाज आता थरथरत नव्हता, थकव्याने असेल. म्हटलं, त्यांनी चिंता व्यक्त केली नाही, अहवालात झरा दाखवलेला नाही अशी हरकत घेतली, नाव सांगितलं, वर्षंही सांगितली. तसंच लिहा. व्हिडिओ चित्रीकरण झालंय, त्यात आहे. अधिकाऱ्यांनी चित्रीकरणवाल्याकडे पाहिलं, मग कारकुनाकडे. पाच मिनिटांनी ओळ बदलली: 'श्रीमती अमुक यांनी त्यांच्या वाडीस सुमारे ३० वर्षांपासून पाणीपुरवठा करणाऱ्या झऱ्याचा अहवालात उल्लेख नसल्याची हरकत नोंदवली.' तसंच गव्यांचे अकरा पंचनामे आणि १५ लिटर, २२ सेकंद हेही आकड्यांसकट घालून घेतलं. त्या अधिकाऱ्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हेही सांगायला हवं. सुनावणी घेणाऱ्यांना मंजुरी देण्या-नाकारण्याचा अधिकारच नसतो, त्यांनी फक्त नोंद पाठवायची. म्हणून ती नोंद काय पाठवली जाते यावर सगळं.

परतीला जीप मिळाली रात्री आठला. वाटेत वडे खाल्ले, पैसे आप्पांनी दिले.

इतिवृत्ताची प्रत डिसेंबरच्या मध्यावर वेबसाइटवर दिसली. मग सहा महिने काहीच नाही. या काळात पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर प्रस्तावाचा क्रमांक टाकून बघत राहायचं, एवढंच हातात. आमच्या खाणीचं क्षेत्र 'ब' वर्गात बसणारं, म्हणून प्रकरण दिल्लीला न जाता राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढे. समितीच्या बैठकीची विषयपत्रिका आधी टाकतात. ती आली की मी ईमेलने तीनच कागद पाठवले: वाहनमोजणीची तारीख, पंचनाम्यांची यादी, झऱ्याचा तक्ता. नऊ पानं पुन्हा पाठवायचा मोह आवरला.

दरम्यान एक घोळ निस्तरावा लागला. गावात सगळे समजत होते की सुनावणी झाली म्हणजे जंगलाचाही निकाल लागला. तसं नसतं. पर्यावरण मंजुरी १९८६ च्या कायद्याखाली, आणि राखीव वनाची जमीन खाणीला वळवायची परवानगी १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली. दोन फाइली, दोन वाटा. (त्या कायद्याचं नाव १ डिसेंबर २०२३ पासून बदललंय, शोधताना दोन्ही नावांनी शोधा.) वनजमिनीच्या बाबतीत २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न येतो. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. आमच्याकडे हे नाव मी पहिल्यांदा काढलं तेव्हा एकाने विचारलं, "ते आदिवासी, आपण कुठं?" प्रश्न रास्त होता. पण पिढ्यानपिढ्या जंगलावर राहणाऱ्या इतरांचाही त्या कायद्यात उल्लेख आहे, फक्त तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो आणि तो गोळा करणं हे वेगळंच जन्मभराचं काम आहे. आमचा सामूहिक दावा अजून अपुरा आहे. १ मे २०२२ ला ग्रामसभा झाली. या कायद्याखालच्या ठरावाला निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात; मोजल्यावर एकोणीस माणसं कमी पडली, सभा तहकूब. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावली तेव्हा काकींनी बचत गटाची बैठक त्याच दिवशी, त्याच देवळात ठेवली. गणपूर्ती झाली.

जून २०२२ मध्ये समितीने प्रस्ताव परत पाठवला: पावसाळी हंगामातलं वनस्पतींचं सर्वेक्षण करा, वन्यप्राण्यांची यादी वनखात्याकडून तपासून घ्या, झऱ्यांचा अभ्यास जोडा. त्या ऑगस्टमध्ये सल्लागारांची दोन पोरं छत्र्या घेऊन सड्यावर आली. चांगली होती, वनस्पतिशास्त्र शिकलेली. चुलतभावाने त्यांना गेंदाची डबकी दाखवली आणि काकींनी चहा पाजला. गावात त्यावरूनही दोन दिवस कुरबुर झाली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुधारित प्रस्ताव आला. वनजमिनीचा भाग वगळलेला, म्हणजे झऱ्यावरचा सडा बाहेर. उरलेली मालकीची जमीन, निम्म्याहून थोडी कमी. सप्टेंबर २०२३ ला त्या भागाला पर्यावरण मंजुरी मिळाली.

याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मालकीच्या भागातही दीपकाडी होती. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे, आमच्यासाठी पुण्याच्या खंडपीठाकडे, ३० दिवसांत अपील करता येतं. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत. आम्ही तीन बैठका घेतल्या. ज्यांची जमीन गेली त्यांनी ती राजीखुशीने दिली होती. सिंधुदुर्गात कळण्याला जुलै २०२१ अखेरीस खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटून चिखल शेतात घुसला, त्याचे व्हिडिओ मी सगळ्यांना दाखवले. तरी शेवटी हात वर झाले ते अपील न करण्यासाठी. माझाही हात वर नव्हता आणि खालीही नव्हता. अपील करायचं असेल तर मंजुरीची तारीख कळल्या दिवशीच वकिलाला फोन करा. आमचे त्यातले सतरा दिवस बैठकांतच गेले होते.

नंतर ३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटातलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा आला. आमचं गाव त्यात नाही, शेजारचं आहे. मधे फक्त एक ओढा.

खर्चाचा हिशेब वहीत आहे: झेरॉक्स, टायपिंग, वडाप, स्टॅम्प मिळून दोन वर्षांत ४,३१० रुपये. माझ्या नऊ रजा. चुलतभावाची भावकीतल्या त्या डंपरवाल्याशी बोलचाल बंद होती, ती यंदाच्या गणपतीत सुरू झाली.

मंजुरीच्या पत्रात एक अट अशी आहे की वगळलेल्या भागाखालच्या झऱ्याचं पाणी दर महिन्याला मोजून सहामाही अहवालात द्यायचं. मे २०२४ च्या चौदा तारखेला मी गावात होते. कंपनीचा एक तरुण मुलगा मोटरसायकलवरून आला, पाठीला सॅक, हातात फॉर्म. मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. तो ओशाळून काकींना म्हणाला, "मावशी, एखादी बादली मिळंल का? पंधरा लिटरची."

काकींनी निळी बादली आणून दिली. "काठाला जरा फुटलीय, जपून धर," म्हणाल्या, आणि स्वतः त्याच्या मागे वही घेऊन झऱ्याकडे निघाल्या. त्याने एक्केचाळीस सेकंद लिहिले, काकींनी बेचाळीस.